सत्ताविसावं नाव

चाचांना टीममधून काढा, असं सरांना पहिल्यांदा मीच म्हणाले. एकदा नाही, चार महिन्यांत तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा तर चाचा पाण्याची बाटली भरायला खाली गेले होते तेवढ्यात म्हणाले, आणि ते अजून जिन्यातच असतील हे मला पक्कं माहीत होतं. माझा स्वभावच तसा. डोक्यात तिडीक गेली की मागचंपुढचं काही दिसत नाही मला.

जालन्यात बियाण्यांच्या दुकानांची ओळ आहे, त्यातल्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस. आम्ही वेबसाइट बनवतो. सर मालक, डिझाइन माझं, कोडिंग करणारे एक गृहस्थ सकाळी कानाला हेडफोन लावायचे ते संध्याकाळीच काढायचे, आणि चौथे चाचा. शाळा, दवाखाने, दुकानं, कुणाचंही काम घेतो, पण ऑफिस चालतं ते लग्नाच्या वेबसाइटवर. हल्ली पत्रिका छापतात त्या देवापुढं ठेवायला आणि चार मोठ्या घरी अक्षत द्यायला. बाकी सगळ्या गोतावळ्याला मोबाइलवर लिंक जाते. लिंक उघडली की नवरा-नवरीचे फोटो, मंगल कार्यालयाचा नकाशा, आणि खाली पत्रिकेत असतं ते सगळं: कुणाचे आशीर्वाद, कोण निमंत्रक, मामा कोण, आत्या कोण.

चाचा म्हणजे पासष्टी ओलांडलेला, काडीसारखा माणूस. रोज इस्त्रीचा पांढरा सदरा आणि खिशात स्टीलची पट्टी. चाळीस वर्षं त्यांनी इथल्याच एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या. आधी हातानं एकेक अक्षराचा शिशाचा खिळा लावून, मग कॉम्प्युटरवर. छापखाना बंद पडला तेव्हा सर त्यांना आमच्याकडं घेऊन आले. म्हणे, नावं बघायला. नावं बघायला वेगळा माणूस? मी तर कपाळावर हात मारून घेतला.

आणि त्यांची बघायची तऱ्हा तर काय सांगू! स्क्रीनवर वाचायचे नाहीत. प्रिंट काढायला लावायचे, त्यावर पट्टी ठेवायचे आणि सगळ्यात खालच्या ओळीपासून वर वर मोठ्यानं वाचत जायचे. मग त्या घरी फोन लावायचे आणि भलतंच काहीतरी विचारायचे. "तुमच्या मधल्या आत्याबाई अजून माहेरी येतेत का?" "धाकट्या चुलत्याचं बोलनं चालू हे ना सध्या?" मला वाटायचं, म्हातारा लोकांच्या घरातल्या भानगडी उकरतोय. एका पानामागं दोन दिवस जायचे आणि मी दात-ओठ खात बसायची.

वर तोरा केवढा! चष्मा नाही त्यांना. कुणी चष्म्याचं नाव काढलं की लगेच सुरू, "खिळ्यावर अक्षर उलटं राह्यतं ताई. चाळीस साल उलटं वाचलं मी या डोळ्यांनी. तुमचं हे सुलटं वाचाया काय लागतं?" चहा गार मिळाला तर परत पाठवायचे. माझ्या डिझाइनला कधी छान म्हणाले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "फुलं कमी करा, माणसं दिसंना गेलीत."

सर प्रत्येक वेळी मला म्हणायचे, "लग्नसराई संपू दे. मग चाचांचं काय करायचं ते ठरवू." म्हणजे चाचांची खुर्ची या लग्नसराईवर टांगलेली होती, हे मला माहीत होतं. आणि जिन्यातून ऐकू गेलं असेल तर त्यांनाही.

तर या दोन-दोन दिवसांवर मी उपाय काढला. एक फॉर्म बनवला. घरच्यांनी तो आपल्या नातेवाइकांना पाठवायचा, ज्यानं त्यानं आपलं नाव, गाव, नातं भरायचं, की नाव आपोआप पानावर येऊन बसणार. टाइप करणं नाही, फोन नाही, पट्टी नाही. जो आधी भरेल तो वर, नंतर भरेल तो खाली. एकदम सरळ. सर खूश झाले. चाचांनी फॉर्म स्वतः भरून पाहिला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं हे. पन पान पाठवायच्या आधी मला दाखवा. न दाखवता बिलकुल पाठवू नका." मी हो म्हणाले. तोंडावर हो म्हणाले आणि पाठ फिरवून डोळे फिरवले.

पहिलं घर आलं कुंभार पिंपळगावचं. नवरीचा भाऊ पुण्यात नोकरीला, सगळा व्यवहार फोनवर. घाईत होता. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. त्याच आठवड्यात चाचांची बहीण आजारी पडली आणि ते तिच्या गावी, धावड्याला गेले. जाताना बजावून गेले, मी शनिवारी येतो, तवर थांबा. शुक्रवारी दुपारी भावाचा तिसरा फोन आला, "मॅडम, झालं का?" फॉर्म येऊन पडलेले होते, पान दिसायला इतकं सुरेख झालं होतं की मलाच माझं कौतुक वाटत होतं. चाचांना एक फोन लावावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण लावला असता तर म्हणाले असते थांबा. मी बटण दाबलं आणि डबा खायला बसले.

चार वाजता फोन आला. भावाचाच. "मॅडम, काय करून ठेवलंत हे?"

मी पान उघडून बघितलं. फोटो बरोबर, नकाशा बरोबर. "सगळं तर नीट दिसतंय," मी म्हणाले.

"निमंत्रकांमधलं पहिलं नाव वाचा."

मी वाचलं.

"यांच्याशी आमच्या घराचं पंधरा वर्षं बोलणं नाही. बांधावरून कोर्टात केस चालूये. हे आमचे निमंत्रक?"

कुणीतरी फॉर्मची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली होती. या पहिल्या नावाच्या गृहस्थांनी पहिल्या मिनिटाला फॉर्म भरला होता. मुद्दाम की हौसेनं, देव जाणे. तरी मी तोंड चालवलंच. "ते काढते मी, दोन मिनिटांचं काम आहे. बाकी तर..."

"बाकी? आमचे आजोबा कुठंयत? माझे वडील कुठंयत?"

"त्यांचे फॉर्म आलेले नाहीत अजून," मी म्हणाले.

तो हळूच म्हणाला, "मॅडम, माझे वडील वारलेत. बहीण तेव्हा चार वर्षांची होती."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पत्रिकेत गेलेल्या माणसांची नावं आधी येतात, त्यांच्या आशीर्वादानं सुरुवात होते, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं! माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या आजोबांचं नाव होतं. पण फॉर्म बनवताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गेलेला माणूस फॉर्म कसा भरणार, एवढा साधा विचार मी केला नाही. मी ताडकन उठून उभी राहिले, कशासाठी उठले तेही कळेना.

"आता सत्ताविसावं नाव वाचा," तो म्हणाला.

सत्ताविसावं नाव शेवटचं होतं. त्याच्या वर, नवव्या नंबरला, तीन वर्षांच्या एका बाळाचं नाव निमंत्रक म्हणून झळकत होतं, त्याच्या आईनं भरलेलं.

"ते आमचे आबा. वडिलांचे मोठे भाऊ. बहिणीला त्यांनी लहानाची मोठी केली. कन्यादान तेच करणार होते. त्यांना मोबाइल येत नाही, त्यांचं नाव काल मी भरलं. आज गावातल्या कुणीतरी त्यांना पान दाखवलं. ते म्हणाले, माझं नाव शेवटी असंल तर माझं तिथं काय काम? पहिलं नाव ज्याचं हे, त्यालाच करू द्या कन्यादान. दार लावून बसलेत मॅडम. आई रडून राहिलीये."

मी पान तेव्हाच बंद केलं. पण दोन-तीनशे मोबाइलवर त्याचे फोटो जाऊन पडलेले. सर त्या दिवशी संभाजीनगरला गेले होते. त्यांना कुणीतरी आधीच कळवलं होतं, त्यांचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "कुणाची चूक?"

इथं मी जे बोलले ते मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "नावं बघायचं काम चाचांचं आहे, सर."

बस, एवढंच. शब्द न् शब्द खरा. आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं चाचा आले. घरी न जाता हातात पिशवी घेऊन थेट ऑफिसात. काल काय झालं ते मी सांगितलं आणि त्यांच्यासमोर प्रिंट ठेवली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. चाचांनी पट्टी ठेवली, खालून वर वाचत गेले. सत्ताविसाव्या नावाशी जरा थांबले. वर पोचल्यावर एवढंच म्हणाले, "कोरा कागद द्या."

आणि लिहायला लागले. कुलदैवत. मग कैलासवासी पणजोबा, आजोबा, वडील. मग आबा. मग कोण, त्याच्यानंतर कोण, मामांमध्ये आधी कोणता मामा, विधवा आत्याचं नाव कुठं घ्यायचं म्हणजे तिला बरं वाटेल, आणि ज्याच्याशी बोलणं नाही त्याला नावानिशी न घेता 'समस्त परिवार' या शब्दात कसं बसवायचं, म्हणजे तो बाहेरही नाही आणि वरही नाही. सगळ्यात खाली लेकराबाळांची ओळ. चाळीस-एक नावं. एकदाही कुठं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. मी आ वासून बघत राहिले.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"या घरच्या चार लग्नांच्या पत्रिका माझ्या हातच्या हेत. नवरीच्या बापाची पत्रिका मी जुळवली. त्याच्या तेराव्याचं कार्ड बी मीच." मग त्यांनी नवरीच्या भावाला फोन लावून एकच विचारलं, "धाकट्या आत्याच्या घरी मिटलं का?" मिटलं होतं. त्यांनी त्या आत्याचं नाव दोन ओळी वर घेतलं आणि उठले. "चला. ही यादी फोनवर सांगायची न्हाई. जाऊन दाखवावी लागती."

एस.टी.नं आम्ही अंबड, घनसावंगी करत कुंभार पिंपळगावला पोचलो. अख्ख्या रस्त्यात चाचा बहिणीबद्दल बोलत होते, तिला डॉक्टरनं काय सांगितलं, ती पथ्य कशी पाळत नाही. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते मी मनात घोकत होते. माझी चूक झाली, मला माफ करा. आठ-दहा वेळा घोकलं असेल.

आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आमच्याकडं बघेनात. आतून बायकांची कुजबुज येत होती. कुणीतरी खुर्च्या आणून ठेवल्या. मी खुर्चीवर बसले. चाचांनी चपला काढल्या आणि खाली, आबांच्या पायाशी फरशीवर बसले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "आबा, चूक माझी हे. नजर गेली आता माझी. पाह्यलं न्हाई बराबर."

मला क्षणभर कळलंच नाही मी काय ऐकलं. नजर गेली? हे चाचा बोलले? चष्म्याचं नाव काढलं तर फुरफुरणारा माणूस, उलटी अक्षरं वाचणारा माणूस, तो भर ओसरीत, बायका आतून ऐकत असताना सांगतोय की मला दिसत नाही? आणि ते पान गेलं तेव्हा तर ते जालन्यातसुद्धा नव्हते! बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते.

आबांनी चाचांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी पदराशी खेळत मान खाली घातली.

"चहा टाका गं," आबा आत बघून म्हणाले.

मग त्यांनी यादी मागून घेतली. कागद लांब धरून वाचली. भावाच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं आणि डोळे भरून आले. कागद परत देताना म्हणाले, "येतो म्हणावं लग्नाला. माझी पोर हे ती, न येऊन जातो कुठं?"

परतीच्या गाडीत मी भांडायलाच उठले चाचांशी. भांडण हे एकच मला नीट येतं. "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठं? छापखान्यात कायदा होता आमच्या. शेवटचं प्रूफ ज्यानं पाह्यचं, चूक त्याची. खिळे कुनी बी लावू द्या."

"पण तुम्ही पाहिलंच नव्हतं! मी दाखवलं नाही तुम्हाला!"

"मंग पाह्यलं न्हाई ही बी चूकच की. धावड्याला गेल्तो तर फोन व्हता खिशात. एकदा विचारायला पाह्यजे व्हतं, पान गेलं का म्हनून. बहिणीच्या नादात राह्यलं." एवढं बोलून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. झोपले नव्हते. मला गप्प करायला मिटले होते.

सोमवारी सर आले. नवरीच्या भावानं त्यांना सगळं सांगितलं होतं: चाचा स्वतः आले, चूक कबूल केली, आबांनी मिटवलं. सरांनी चाचांना समोर बसवलं आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "चाचा, तुम्ही स्वतःच म्हणालात की नजर कमी झाली. आता आराम करा. हा महिना पूर्ण करा."

"जी," चाचा म्हणाले.

त्यांची खुर्ची आणि माझी खुर्ची यात सहा फुटांचं अंतर. मी स्क्रीनवर एक बटण डावीकडं सरकवत होते, उजवीकडं सरकवत होते. मी एक शब्द बोलले नाही. नोकरी जाईल म्हणून नाही, माझी नोकरी जाणार नव्हती. चार महिने मी या माणसाला काढा म्हणत होते आणि माझा फॉर्म किती भारी आहे ते सांगत होते. तेच तोंड घेऊन आता काय सांगू? लाज वाटली. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी मी गप्प बसले. याचा धक्का मला अजून आहे.

पुढचे दिवस चाचा रोज वेळेवर यायचे आणि मला शेजारी बसवून घ्यायचे. "हे तुम्हाला लागंल ताई." कुठल्या गावात मामांची नावं आधी घेतात, मुलीचा बाप नसेल तर ओळ कशी लिहायची, घटस्फोट झालेल्या बहिणीला काय लिहायचं म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. फोनवरचे ते भलतेसलते प्रश्न कशासाठी होते ते तेव्हा मला समजलं. कुणाचं नाव चुकून खाली जाऊ नये म्हणून हा माणूस शंभर घरांची भांडणं आणि शंभर घरांची मयतं लक्षात ठेवून होता. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची टोकं खिळे उचलून उचलून सपाट झालेली, तेही मी त्याच आठवड्यात पाहिलं. चार महिने शेजारी बसत होते मी! घरी जेवण जाईना. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव.

रविवारी लग्न. लग्नाचे फोटो तिथल्या तिथं पानावर टाकायचं काम आमच्याकडं होतं म्हणून मी गेले. चाचांना आबांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. अक्षता पडल्या, कन्यादान झालं. आबा हुंदके देऊन रडले, मी त्याचे फोटो टाकले. मग पंगती बसायला लागल्या. मी नळावर हात धुवत होते तर आबा शेजारी येऊन उभे राहिले.

"चूक तुमची व्हती ना, ताई?"

नळ तसाच वाहत राहिला. शेवटी मी म्हणाले, "हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्याच्यात? माझ्या भावाचं तेराव्याचं कार्ड जुळवताना तो मानूस रडल्ता. तो माझ्या भावाचं नाव इसरंल? आंधळा झाला तरी इसरायचा न्हाई."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"चाळीस वर्षांत त्यानं आमच्या घरात कधी काई मागितलं न्हाई. पहिल्यांदा माझ्या पायाशी बसला. कसं न्हाई म्हनू?" आबांनी नळ बंद केला. "आन मी वाट पाहत व्हतो, तुम्ही कवा बोलता म्हनून. तुम्ही तिथंच बसल्या व्हत्या की."

ते शांतपणे बोलले, रागानं नाही. रागानं बोलले असते तर मी उलट काहीतरी बोलले असते आणि सुटले असते. ते गेले आणि मी ओल्या हातानं तिथंच उभी. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्या ओसरीवर, आत कुजबुजणाऱ्या बायकांना, सगळ्यांना. मी आठ दिवस लपवत होते आणि कुणापासून लपवत होते? एकट्या सरांपासून.

मी मांडवाबाहेर आले आणि सरांना फोन लावला. बँड वाजत होता, एक कान बोटानं बंद करून ओरडून सांगावं लागलं. "सर, चाचा त्या दिवशी धावड्याला होते. त्यांनी दाखवा म्हणून सांगितलं होतं, मी दाखवलं नाही. पान मी पाठवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम तुम्हाला तसं सांगितलं. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. काढायचं तर मला काढा."

सर म्हणाले, "आणि हे तू मला आज सांगतेस? आठ दिवसांनी?"

"हो."

"चाचा आहेत का तिथं? त्यांना दे फोन."

चाचा पंगतीत होते, आबांच्या शेजारी, पाटावर. पानात वरण-भात, बुंदी, वांग्याची भाजी, आणि हात कोपरापर्यंत भरलेला, कारण आबा आग्रह करून करून वाढायला लावत होते. मी वाढप्यांच्या मधून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. रडत होते हे मला तेव्हा समजलं, जेव्हा समोरच्या रांगेतल्या बायका हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघायला लागल्या.

"चाचा, मी सरांना सगळं सांगितलं. घ्या, बोला."

त्यांनी भरलेला हात दाखवला. मग मी वाकले आणि फोन त्यांच्या कानाला लावून धरला. सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "चाचा, माझं चुकलं. मी तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. तुम्ही कुठं जायचं नाही. उद्या या."

"जी," चाचा म्हणाले. "येतो." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांना ही खुर्ची किती हवी होती. डोळे मिटून घेतले होते त्यांनी.

सर पुढं म्हणाले, "आणि तिला मी उद्या बघतो."

चाचांनी डोळे उघडले. मी त्यांच्या तोंडासमोरच होते, फोन धरून, वाकलेली. माझ्याकडं बघत ते फोनमध्ये म्हणाले, "तिला काई बोलू नका, सर. आठ दिवस झाले, पोरीनं डबा उघडला न्हाई. मी शेजारीच बसतो, मला दिसतं."

मग त्यांनी कोपरानं आबांना जरा पलीकडं सरकवलं आणि वाढप्याला हाक मारली, "इथं एक पान मांडा."